अज्ञात स्त्री, माण तालुका

५ जानेवारी, सोमवार
पुन्हा तांबडी शाई! जगदाळे सरांनी शोधनिबंधाची संदर्भसूची रंगवून परत दिली. आडनाव आधी, मग नाव. वर्ष कंसात. पुस्तकाचं नाव तिरप्या अक्षरात, लेखाचं अवतरणात. एका ओवीवर बारा पानं रसग्रहण लिहिलंय, त्याबद्दल अवाक्षर नाही. साताऱ्याला एम.ए. करायला आलेय की टायपिंग शिकायला?

६ जानेवारी
डावा समास दीड इंच केला. झालं समाधान.

८ जानेवारी, गुरुवार
आज खरी जुंपली! माझा सगळा निबंध जिच्यावर उभा आहे ती ओवी हरणाआत्याची, म्हणजे माझ्या वडिलांच्या, अण्णांच्या बहिणीची. लहानपणापासून तिच्याच तोंडून ऐकलेली –

मेंढरं गेली कोकणात, धूळ बसली उंबऱ्यावरी
पुसू कशी गं पदरानं, पाऊल राह्यलं तिच्यावरी

सर म्हणाले, छापील आधार द्या. छापील आधार म्हणजे त्यांचंच पंचवीस वर्षांपूर्वीचं पुस्तक! त्यात ही ओवी आहे आणि खाली काय? 'गायिका : अज्ञात स्त्री, माण तालुका.' माझं डोकंच फिरलं. आमच्या गावात येऊन ओवी नेलीत, बाईचं नाव विचारायला काय झालं होतं? – असं तोंडावर बोलले! "आत्याचं नाव येणार नसेल तर मी निबंधच देत नाही."

शेजारी बसलेली मैत्रीण प्रांजल टेबलाखालून चिमटे काढत होती. सर चिडले नाहीत. म्हणाले, "मग मौखिक आधार द्या. पूर्ण नाव, वय, गाव, ध्वनिमुद्रणाची तारीख, सही. सोमवारी बारापर्यंत. त्यानंतर यंदा घेता येणार नाही."

म्हणजे वर्ष जाणार की राहणार ते सोमवारी.

९ जानेवारी
जास्त बोलले का? नाही. बरोबरच बोलले.

१० जानेवारी, शनिवार
सकाळच्या एस.टी.नं गावी. आत्या नवं लुगडं नेसून तयारच! "मोबाईल नीट धर गं सोने, न्हाईतर म्हणशील आवाज पडला." एका दमात गायली. नाव लिहिलं, वय लिहिलं. मौखिक आधाराच्या फॉर्मवर एक रकाना उरला – कोणाकडून ऐकली?

"कुणाकडनं म्हंजे? तुझ्या आईकडनं! तिनंच जुळवली. लगीन हून चार म्हैनं झालं हुतं, तुझा बा बिरदेव मेंढरं घिऊन कोकणात गेलता. मला लय आवडली, मी म्हणत ऱ्हायले."

आईनं? आरतीला धड ओठ न हलवणाऱ्या माझ्या आईनं? चुलीपाशी गेले, विचारलं. ती भाकरी उलटत म्हणाली, "व्हय. पर आत्याचंच नाव ऱ्हाऊ दी."

मला रडूच आलं. बावीस वर्षं या बाईच्या हातचं खातेय आणि मला काही म्हणजे काही माहीत नाही. तो रकाना कोराच ठेवला.

११ जानेवारी, रविवार
सकाळी आईला सरांच्या पुस्तकातलं ते पान दाखवलं. म्हटलं, "बघ, साधं नावसुद्धा विचारलं नाही तुला."

"इचारलं हुतं की. वहीत लिवलं बी हुतं. मीच खोडाय लावलं. नवी नवरी परक्या माणसाम्होरं गायली म्हणून सासूनं घर डोक्यावर घेतलं असतं. कुटं सांगू नगा म्हणलं, व्हय म्हणाले."

मी गारच. गुरुवारी त्यांना काय काय बोलले – आणि ते गप्प बसून ऐकत होते!

"आता लिहू का गं?"

आईनं पदराला हात पुसून ओवीवरून बोट फिरवलं. "लिव्ह. पर आदी त्या सरांस्नी इचार. त्येंनी शबुद पाळलाय."