तुझ्या पायांचा आवाज

हॉलिवूड, मार्च १९३४

प्रिय व्हर्ना,

तुझा गुडघा कसा आहे, एवढं विचारायला मला चार महिने लागले. आईच्या हातचं खाऊन तू गुबगुबीत झाली असशील, असं इथल्या पोरी म्हणतात. मी हसते आणि विषय बदलते.

आपला सिनेमा पुरा झाला. तू पडायच्या आदल्या दिवशी घेतलेला तुझा एकटीचा नाच त्यात ठेवलाय. फक्त बुटांचा आवाज भरायचा होता. तो आपण नेहमी मागाहून भरतो, पडद्यावरचे आपलेच पाय बघत, लाकडी फळीवर. पण तू तर घरी. नाचमास्तर क्रोल मला म्हणाले, “हेस्टर, तीन वर्षं तिच्या शेजारी नाचलीस, तूच वाजव.” दिवसभर मी तुझे पाय बघत होते. तुझी डावी टाच अजून जराशी उशिराच पडते. “बाई, ती टाच काय पुढच्या गाडीनं येते?” म्हणून क्रोल तुला टोचायचे, आठवतं? मीही तिथे तेवढाच उशीर केला. क्रोलनी या वेळी तो तसाच ठेवला.

आता सेटवरच्या त्या जिन्याचं सांगते. तू पडलीस त्या दिवशी सकाळच्या तालमीत वरून तिसरी पायरी माझ्या पायाखाली हलली होती. मी गप्प बसले. निसरड्या फरशीची तक्रार केली म्हणून डोरीनच्या जागी दुसऱ्याच दिवशी नवी पोरगी उभी राहिली होती, आणि स्टुडिओच्या फाटकाबाहेर शंभर जणी वाट बघत होत्या. दुपारी तू उंच टाचांचे नवे बूट घालून आलीस. उंचीची रांग बिघडली म्हणून क्रोलनी आपल्या दोघींच्या जागा बदलल्या. माझ्या पायरीवर जाताना तू म्हणालीस, “बघ, बढती मिळाली मला.” तुझा कान माझ्या तोंडाशी होता, व्हर्ना. एक शब्द पुरला असता. मी नुसती तुझ्या टोपीवरची पिसं सारखी केली. मग दिवे लागले, पायरी निखळली, आणि डॉक्टरांनी तुझा नाच कायमचा बंद केला.

शुक्रवारी सिनेमा तुमच्या डुलूथला लागतोय. तू आईला घेऊन जाशील, आणि ती शेजारच्या बाईला सांगेल, ऐका, माझ्या लेकीचे पाय. पाय तुझेच आहेत, आवाज माझा आहे. मला मैत्रीण समजून तू तो ऐकावास, हे मला सोसवेना, म्हणून आधी हे लिहिलं. उत्तर नाही आलं तर मी समजेन. पण ती डावी टाच तेवढी ऐक, ती मी अगदी तुझ्यासारखी वाजवलीय.

अजूनही तुझीच म्हणवून घेणारी,
हेस्टर