मोटारीचे गुडघे

सांताक्रूझ, ११ फेब्रुवारी १९६८

तीर्थरूप तुळशीदासमामांच्या पायांपाशी जयवंतचा दंडवत. पायांवरून आठवलं, तुमचे गुडघे कसे आहेत? मामीचा खोकला, तांबड्या गायीचं मोडकं शिंग, विहिरीचा रहाट, सगळ्यांची खुशाली कळवा. मी बरा आहे. काही मागायला लिहिलेलं नाही, तेव्हा मामीला मोठ्याने वाचून दाखवायला हरकत नाही.

गोष्ट गुडघ्यांचीच आहे. पार्ल्याचे विद्याधरसाहेब म्हणून एक आहेत, अंगाने अगरबत्ती. त्यांची १९३८ सालची विलायती मोटार आहे. टप कापलेला, दिवे लॉरीचे, रंग पोपटी. मनात येईल ते साहेबांनी तिला जोडलं. पुढच्या कमानपट्ट्या मात्र जुन्याच, त्यामुळे खड्डा आला की साहेबांची कवळी साहेबांच्या आधी पोचायची. म्हणून आमच्या सहदेव मिस्त्रींनी भंगारातल्या टॅक्सीचं पुढचं अख्खं सस्पेन्शन आणलं (म्हणजे मोटारीचे गुडघे, स्प्रिंगा, दांडे वगैरे) आणि म्हणाले, "मी सासुरवाडीला चाललो. ही गाडी एकट्याने उभी केलीस तर एक तारखेपासून तू मिस्त्री." धर्मातात्या आपल्या लेकीला, कमलला, मिस्त्रीच्या घरात देणार, हेल्परच्या नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे, आणि तुम्ही तर त्यांच्यापाशी मला गेल्या शिमग्यापासूनच मिस्त्री करून ठेवलंय.

आमच्या गॅरेजात स्प्रिंगा बसवल्या की गाडीत माणसं बसवून उंची जुळवायची पद्धत आहे. मासळी विकून परतणारी मनोरीची सोनूबाई आणि तिच्या चौघी सोबतिणी दुपारी आमच्या चिंचेखाली टेकतात. म्हटलं, मावशी, जरा बसता का? तिघी पुढच्या सीटवर बसल्या, दोघी मडगार्डांवर, देवळाच्या दारातल्या सिंहांसारख्या. मोटारीचं नाक खाली गेलं. मी जॅक लावून स्प्रिंगांखाली लोखंडी चकत्या घालत गेलो, नाक सरळ आलं, बोल्ट आवळले. (उंची मालकाच्या वजनावर जुळवायची असते, हे मला माहीत होतं. त्या वेळी आठवलं नाही.) आता उतरा म्हटलं तर उतरेनात. सोनूबाई म्हणाली, "बसवलंस ना रं? मग आता मार्व्याला सोर!" चालवून बघायचीच होती, नेलं. मामा, मोटार लोण्यावरून गेल्यासारखी गेली. उतरताना ती मनोरीच्या होडीकडे बोट दाखवून म्हणाली, "आमचे होरीपरीस बेस हाय रं तुझी गारी!" पाचजणी उतरल्या आणि त्या बेस गाडीने विमान बघायला उभं राहिल्यासारखं नाक वर केलं. परत येताना मला फक्त माडांचे शेंडे दिसत होते. रस्ता बघायला मान बाहेर काढून आलो.

गॅरेजात साहेब हजर. चढून बसले, चाक धरलं, बराच वेळ समोर पाहिलं. "जयवंत, रस्ता कुठे आहे?"

"खालीच आहे साहेब. माणसं भरली की दिसेल. ही भरून चालवायची गाडी आहे."

चकत्या काढता येत नाहीत का, असं त्यांनी विचारलं. वेल्डिंग मारलंय म्हणून सांगितलं. ते म्हणाले, "ठीक. तेवीस तारखेला मिस्त्री आले की त्यांच्यासमोर भरून दाखव."

इकडचं एवढंच. हवा चांगली आहे.

आपला भाचा,
जयवंत (तूर्त हेल्पर)

ता. क. धर्मातात्या बावीसच्या बोटीने मला बघायला येतायत, असं तुम्ही लिहिलंय. त्यांना सोसायटीच्या भाताच्या काट्यावर चढवून वजन तेवढं उलटटपाली कळवा. पूर्वी पंगतीत त्यांना दोन पाट लागत. तसेच असतील तर काळजी नाही. सोबत त्यांचे दोघे भाऊ पाठवा. तेवीसला सकाळी तात्यांनी पुढच्या सीटवर बसायचं, भावांनी मडगार्डांवर. कारण सांगू नका, मुंबईची रीत आहे म्हणा.

आणखी एक. (हे मामीला वाचू नका.) वेल्डिंगचं खोटं आहे. आठ बोल्ट आहेत, चकत्या अर्ध्या तासात निघतात. पण काढल्या तर मी चुकलो होतो असं होईल, म्हणून राहिल्यात. कमलला मात्र काट्यावर चढवू नका. ती पुढे बसणार असेल त्या दिवशी चकत्या मी स्वतः काढीन, साहेबांसमोर.