मूळ गावी, सेलकर्क येथे, जाण्यासाठी एकवीस दिवसांची रजा

प्रति,
मा. कार्यवाह श्री. उदयसिंहजी,
अक्षरछाया मराठी ग्रंथालय व वाचनालय,
मल्हारगंज, इंदूर.

विषय : मूळ गावच्या जत्रेसाठी दि. ८ ते २८ जून २०२५ अशी रजा मंजूर होणेबाबत, आणि सदर मूळ गाव स्कॉटलंडात असल्याबाबत.

संदर्भ :
१) सेवानियम क्र. १४.
२) अर्जदाराचा दि. ८ जानेवारीचा अर्ज (आपल्याला न मिळालेला).
३) आपण दि. १९ मार्च रोजी जिन्यात उच्चारलेले "देखते हैं".

महोदय, कृपया हा अर्ज बसून वाचावा.

१. अर्जदार विजय बाळकृष्ण सेलकर, वय ७४, राहणार परदेशीपुरा, हा या ग्रंथालयात १९८१ पासून साहाय्यक ग्रंथपाल आहे. २०११ साली तो रीतसर निवृत्त झाला. शाल, नारळ, दोन भाषणे, सर्व झाले. दुसऱ्या दिवशी देवघेवीच्या टेबलाशी बसायला कोणी नव्हते म्हणून तो बसला आणि अजून उठलेला नाही. रजेचा अर्ज कसा लिहितात हे त्याला नीटसे ठाऊक नाही. इतरांचे अर्ज त्याने फाइलला लावले आहेत, त्यांवरून हा नमुना घेतला आहे. चुकले असल्यास अर्जदाराचीच चूक समजावी.

२. संदर्भ क्र. २ बाबत खुलासा असा की, तो अर्ज आपल्या हाती देण्याचा धीर न झाल्याने अर्जदाराने तो आपण घरी नेत असलेल्या कादंबरीत पान चाळीसवर ठेवला होता. महिन्याने कादंबरी परत आली तेव्हा अर्ज त्याच पानावर होता. आपण एकोणचाळीस पानांच्या आत कुठेतरी थांबलात, असे अर्जदार समजतो. कादंबरी खरोखरच संथ आहे. यात आपला दोष नाही.

३. नियम १४ असा आहे : "कर्मचाऱ्यास दर तीन वर्षांनी मूळ गावची जत्रा अथवा कुळाचार यांसाठी एकवीस दिवसांची रजा मिळेल." चव्वेचाळीस वर्षांत अर्जदाराने ही रजा एकदाही घेतली नाही. कारण त्याला मूळ गाव नव्हते.

इंदूरच्या मराठी माणसाला मूळ गाव नसणे म्हणजे काय, हे आपणास सांगायला नको. कोणाच्याही घरी गेले की पाण्याच्या पेल्याआधी तो प्रश्न येतो. कोणी वाईचे, कोणी राजापूरचे. अर्जदाराचे वडील म्हणत, "लांब आहे," आणि पोह्यांकडे बघत. १९७८ साली अर्जदारासाठी आलेले एक चांगले स्थळ याच उत्तरावर परत गेले. त्या मंडळींना लांब म्हणजे किती लांब ते हवे होते.

वडिलांनी शोध घेतला नाही असे नाही. घरात सर्वांचे डोळे घारे, म्हणून ते आधी कोकणात गेले. आडनाव सेलकर, म्हणजे सेल नावाचे गाव असणारच, या हिशेबाने मग मराठवाड्यात गेले. अर्जदारही बरोबर होता, तेव्हा सतरा वर्षांचा. सेलूच्या पारावर एका वृद्धाने आडनाव दोनदा वदवून घेतले आणि म्हणाला, "आमच्याकडं सेलूकर हायेत. तुमचा ऊ कुटं सांडला?" वडिलांनी पुढचीच परतीची बस धरली. सांडला होता तो ऊ नव्हे, हे कळायला पुढे पंचावन्न वर्षे लागली.

४. गेल्या वर्षी बंद पडलेल्या एका कापड गिरणीची जुनी दप्तरे रद्दीऐवजी आपल्या ग्रंथालयात आली. ती लावताना, शिडीवर उभा असताना, अर्जदारास १८७९ सालचे हजेरीपुस्तक मिळाले. त्यात नोंद होती : "डेवीद सेलकर्क, फिटर, मुक्काम स्कॉटलंड." पुढल्या वर्षी कारकून बदलला, त्याने लिहिले, "देवीद सेलकर." त्याच्या पुढल्या वर्षी तिसरा कारकून आला. त्याला वाटले असावे की आधीचे दोघे आळशी होते. त्याने नाव पुरे केले : "देविदास सेलकर."

देविदास सेलकर हे अर्जदाराचे पणजोबा. यंत्रे बसवायला आलेला माणूस तीन वर्षांत, जागचे न हलता, मराठी झाला. पुढे त्याने मल्हारगंजातील यमुना नावाच्या मुलीशी लग्न केले, आणि नवऱ्याला आडनाव विचारायची गरज तिलाही पडली नसावी. ते तर हजेरीपुस्तकात होतेच! कोणाही मराठी माणसाने 'कर' पाहिला की त्याच्या आधीचे गाव शोधावे, हे स्वाभाविकच. येथे गाव आख्खेच्या आख्खे आडनावात बसलेले होते, फक्त शेवटचा क गहाळ होता.

अर्जदार शिडीवरून उतरायचे विसरला. चारुलताबाई, ज्या बालविभाग पाहतात, त्यांनी अर्ध्या तासाने खालून हाक मारली, "सेलकर, खाली या हो. पुस्तक खालीसुद्धा वाचता येतं." अर्जदार म्हणाला, "चारुलताबाई, मी स्कॉटिश आहे." त्या म्हणाल्या, "असाल. पण शिडी धरायला मी किती वेळ उभी राहू?"

५. या पुराव्यावर अर्जदाराचा स्वतःचाच विश्वास बसेना. तेव्हा त्याची पुतणी अबोली, जी संगणकाच्या कंपनीत आहे, हिने परदेशातून वंश तपासायची, डीएनएची, एक नळी मागवली. तीत थुंकायचे होते. ज्या शहरात रस्त्यावर थुंकल्यास दंड होतो, त्या शहरात अर्जदार दारे-खिडक्या लावून थुंकला, हे नमूद करतो. तरी होईना. अबोली दाराबाहेरून म्हणत होती, "काका, टेन्शन नका घेऊ, बिनधास्त थुंका, इथे नगरनिगमचं कोणी नाहीये!"

निकाल आला : तेरा टक्के स्कॉटलंड. पणजोबा म्हणजे एक-अष्टमांश, म्हणजे हिशेब बरोबर जमतो. यावर आपण म्हणाल की, मग एक-अष्टमांश रजा घ्यावी. अर्जदाराने यावर विचार केला आहे. अर्जदाराचा तो भाग स्वतंत्रपणे पाठवता येणार नाही. बाकीच्या सात भागांना सोबत जावेच लागेल.

६. त्या निकालासोबतच रक्ताचे नाते जुळलेले एक नाव आले. कुमारी जीन सेलकर्क, वय ८९. सेलकर्क गावापासून चार मैलांवर, एट्रिक नदीच्या खोऱ्यात, मेंढ्यांच्या शेतावर एकट्या राहतात. डेव्हिडच्या धाकट्या भावाच्या त्या पणती. अर्जदाराने त्यांना पत्र लिहिले, सहा वेळा फाडले, सातवे अबोलीने हातातून ओढून पाठवून दिले. उत्तर आले, त्याचा मराठी सारांश : "तुझे पत्र मी उभ्यानेच वाचले, मग चहा ठेवला, मग पुन्हा वाचले. आम्ही सगळे समजत होतो की डेव्हिड बोटीवरच वारला."

मग फोन झाला. अर्जदाराचे इंग्रजी सर्व छापील आहे. ते तोंडातून काढण्याचा प्रसंग आला नव्हता. अर्जदार "हॅलो" म्हणाला. कुमारी जीन "हॅलो" म्हणाल्या. मग बराच वेळ कोणी काही बोलले नाही. अबोलीने विचारले, "काका, लाइन कटली का?" कटली नव्हती. मागे मेंढ्या ऐकू येत होत्या. कुमारी जीन अशाच आहेत. चव्वेचाळीस वर्षे अर्जदारास "तुम्ही बोलत का नाही?" असे विचारणाऱ्या सर्वांना तो आता नम्रपणे सांगू शकतो की, हे घराण्यातच आहे.

त्यांना अर्जदाराने आपले कुलदैवत कोणते असेही विचारले, कारण नियम १४ मध्ये कुळाचार आहे. त्यांनी कळवले, "माझे वडील मेंढ्या आणि हवामान यांपलीकडे कशाला मानत नसत." तेव्हा अर्जदार कुळाचाराचा मुद्दा सोडून देत आहे.

७. जत्रेचा मात्र सोडत नाही. दि. १३ जूनला सेलकर्कमध्ये गावची शीव फिरण्याचा दिवस असतो. शेकडो घोडेस्वार पहाटे निघतात, डोंगरावरून शीव धरून फिरतात, आणि परत येऊन चौकात बँडच्या साथीने झेंडे फिरवतात. परगावी गेलेल्या लेकरांच्या नावानेही एक झेंडा फिरतो, असे कुमारी जीन लिहितात. घोडे आहेत, झेंडे आहेत, वाजंत्री आहे, मनुक्यांचा गोड पाव आहे, परगावची माणसे घरी येतात. याला जत्रा म्हणायचे नाही तर कशाला? अर्जदार घोड्यावर बसणार नाही, अशी लेखी हमी देतो. (कुमारी जीन यांनी विचारले होते. अर्जदाराने पुरते नाही म्हटलेले नाही. परंतु बसणार नाही.)

८. दि. २० एप्रिल रोजी अर्जदाराने "शांतता राखा" या पाटीखाली शीळ घातली, ही वाचकांची तक्रार खरी आहे. व्हिसा त्याच दिवशी आला होता. शीळ येते हे अर्जदारासही तेव्हाच कळले. रोज वर्तमानपत्र वाचायला येणारे नंदूजी तेव्हापासून त्याला "लॉर्ड साहब" म्हणतात. परवा पोह्यांच्या गाडीवर सर्वांदेखत ओरडले, "काय भिया, स्कॉटलंडचे निघालात आणि पोह्यांवर जीरावन डबल?" अर्जदाराने तो मसाला डबलच घेतला. कुमारी जीन यांच्यासाठी अर्धा किलो जीरावन आणि दोन किलो लसणाची शेव बांधून घेतली आहे. त्यांच्या प्रकृतीला मानवेल की नाही, ही शंका रोज दुपारी तीनच्या सुमारास येते.

९. आता अडचण. जूनमध्ये आपली ग्रंथगणना असते आणि त्या काळात कोणास रजा नाही, हे अर्जदारास मान्य आहे. ते परिपत्रक त्यानेच सुवाच्य अक्षरात लिहून लावले आहे. परंतु कुमारी जीन १ जुलैला शेत सोडून वृद्धनिवासात जात आहेत. घर विकले गेले आहे, मेंढ्या गेल्या आहेत. त्यांच्यापाशी घराण्याचे बायबल आहे, त्याच्या पहिल्या पानावर दोनशे वर्षांचे जन्ममृत्यू लिहिलेले आहेत. डेव्हिडपुढे जन्माचे साल आहे, मग "इंडिया" आणि मग एक प्रश्नचिन्ह. त्यांचे म्हणणे असे की, ती ओळ अर्जदाराने स्वतःच्या हाताने पुरी करावी : यमुना, मुलगा, नातवंडे, आणि खाली स्वतः. त्या घरातल्या टेबलावर, घर आहे तोवर. "मी लिहू शकते," त्यांनी लिहिले आहे, "पण तो माझा हात झाला."

महोदय, ग्रंथगणनेत आपण काय करतो? जे रजिस्टरात आहे पण कपाटात नाही, त्यापुढे "गहाळ" लिहितो. आणि ते सापडले, की तो शेरा खोडायला स्वतः जाऊन उभे राहतो. अर्जदाराने आयुष्यभर हेच केले आहे. येथे गहाळ झालेला माणूस सापडला आहे.

चारुलताबाईंनी गणना आपण करू असे स्वखुशीने लिहून दिले आहे. त्या म्हणाल्या, "जा हो तुम्ही. पुस्तकं चव्वेचाळीस वर्षांत कुठे गेली नाहीत, एकवीस दिवसांत कुठे जाणार?"

१०. अर्जदाराच्या मनात शंका नाहीत असे नाही. तेथे त्याला पाहून लोक हसतील. विमानात पट्टा लावता येणार नाही. तेरा टक्क्यांवर एवढे हुरळून जाणे वयाला शोभत नाही. एका मनाला वाटते, डेव्हिडला कोणी मूळ गाव विचारले असते तर त्याने तरी ते सांगितले असते का, की तोही पोह्यांकडे बघत म्हणाला असता, "लांब आहे"?

ब्रिटिश सरकारने अठरा दिवसांत येऊ दिले. आपले "देखते हैं" यास अडीच महिने झाले. आपणास पुन्हा जिन्यात गाठावे म्हणून अर्जदार गेल्या आठवड्यात दोनदा जिन्यात उभा राहिला. दोन्ही वेळा आपण दिसताच तो माळ्यावर गेला.

या अर्जाच्या शेवटी "तरी रजा मंजूर करावी ही विनंती" असे लिहिण्याची पद्धत आहे. अर्जदाराने ते वाक्य चार वेळा लिहिले आणि चार वेळा खोडले. चौथ्यांदा खोडल्यावर कागद फाटला, म्हणून ही नवी प्रत. आपण मंजुरी दिलीत तर अर्जदारास फार, फार आनंद होईल. न दिलीत तर वाईट वाटेल, आणि ते वाईट तो सेलकर्कमध्ये वाटून घेईल. रविवारी सकाळी दिल्लीचे विमान आहे.

महोदय, हे एवढे अर्जदार म्हणून लिहिले. आता अर्जदार पुरे.

मी येतो.

आपला, नम्र तसाच पण निघालेला,
विजय बाळकृष्ण सेलकर्क
(पूर्वीचे सेलकर)

इंदूर, दि. ३ जून २०२५

रजेच्या काळातील पत्ता : द्वारा कुमारी जीन सेलकर्क, एट्रिक खोरे, सेलकर्क, स्कॉटलंड. (३० जूनपर्यंतच.)

सोबत :
१) हजेरीपुस्तकातील तीन नोंदींच्या छायाप्रती.
२) तेरा टक्क्यांचा दाखला.
३) चारुलताबाईंचे संमतिपत्र.
४) ग्रंथालयाच्या किल्ल्या, तीन. मोठी मुख्य दाराची, पितळी कपाटांची. तिसरी कशाची आहे हे मला अजून कळलेले नाही. मी परत येईपर्यंत कृपया सर्व कुलपांना लावून पाहावी.