टीव्हीवर थांबवून ठेवलेले बाबा

बाबा, तुम्ही आत्ता माझ्यासमोर टीव्हीवर आहात. महूच्या स्टुडिओत काढलेला तो वर्दीतला फोटो, टोपी जराशी कलती, पट्टा घट्ट आवळलेला, मिशांना पीळ. नागपूरच्या सभागृहात तुमच्या धाकट्याने तो मोठ्या पडद्यावर लावला, तिथल्या कॅमेऱ्याने टिपला, आणि इथे इंदुरात मी तो थांबवून ठेवला आहे. तुम्हाला जाऊन कितीतरी वर्षं झाली, पण एवढे मोठे होऊन तुम्ही माझ्यासमोर कधी आला नव्हता. मी लिहिता लिहिता मान वर करतो तर तुम्ही बघतच आहात. माझा राग अजून उतरलेला नाही. तो उतरायच्या आत हे लिहून काढायचं आहे, कारण संध्याकाळी धाकट्याचा फोन येणार आणि त्याला काय सांगायचं ते मला तोवर ठरवायला हवं.

तुम्ही टीव्हीत आलात कसे, ते आधी सांगतो. माझा मुलगा चाळिशीला आला. सिमरोलकडे नोकरीला जातो, चार माणसं त्याच्या हाताखाली आहेत, आणि घरी आला की टीव्हीला जोडलेल्या खेळाच्या मशीनवर फुटबॉल खेळत बसतो. तुमच्या राज्यात हे चाललं असतं का, हा विचार माझ्या मनात रोज येतो. गेल्या वर्षी त्याने गच्चीवरची डिशची छत्री काढून टाकली. म्हणाला, "पप्पा, आता छत्रीचं काही काम नाही. सगळं गेमवरच चालतं. पिक्चर, बातम्या, तुमची वंदना, सब कुछ." टीव्ही जुना आहे, त्याला स्वतःला नेट कळत नाही. नेट कळतं ते खेळाच्या मशीनला. म्हणजे आता बहात्तराव्या वर्षी बातम्या ऐकायच्या तर मला पोरांसारखं ते खेळायचं हँडल हातात धरायला हवं. रिमोटवर आकडे होते, आकडे मला येतात. या हँडलवर त्रिकोण आहे, चौकोन आहे, गोल आहे, फुली आहे. मुलाने एकदा शिकवलं, "फुली म्हणजे ओके, गोल म्हणजे मागे. बाकी कशाला हात लावू नका हं पप्पा, माझा गेम सेव्ह आहे." आमचे शाळेतले माट्साब चुकलेल्या हिशेबावर फुली मारायचे. इथे फुली मारली की पुढे जाता येतं. मी वर्षभर त्या हँडलला शिवलो नाही. मशीन तापतं, आतला पंखा घोंघावतो, मध्येच इंग्रजीत काहीतरी विचारतं. आपल्या हातून बिघडलं तर घरात आपली काय किंमत राहील, ही धास्ती. जेवणाच्या ताटापुढे बसून मी बातम्यांवाचून राहिलो, पण म्हटलं नको.

आज मात्र धरावं लागलं. आज धाकट्याचा निरोप समारंभ होता. प्राध्यापकी संपली त्याची. "दादा, तू ये," असं त्याने तीनदा सांगितलं, पण माझे गुडघे आणि हिची शुगर, आणि खरं म्हणजे मला प्रवासाची भीती वाटते, तर गेलो नाही. कार्यक्रम ऑनलाइन दिसणार होता. इथे इंदुरातच लालबागला मेळा लागलाय म्हणून मुलगा बायकोपोरांना घेऊन तिकडे निघाला. निघताना त्याने सगळं जोडून दिलं. "मी लावून ठेवलंय. फक्त फुली दाबायची. टेन्शन नका लेऊ." टेन्शन नको म्हणणाऱ्याला मेळ्याच्या गर्दीत पोरांचा हात सुटतो, पाकीट मारलं जातं, याचं काही नाही. मी हात धुतले, मांडीवर रुमाल पसरला आणि हँडल दोन्ही हातांनी धरलं. ही म्हणाली, "अहो, असं काय धरलंय ते? मोपेड आहे का? मानपुरला निघालात की काय?"

तिने सहज म्हटलं. तिला तेवढंच माहीत आहे की लहानपणी मी मानपुरला टायरच्या दुकानात होतो.

धाकटा छान बोलला. पांढरा सदरा, खांद्यावर शाल, आवाज अगदी तुमच्यासारखा. आईबद्दल बोलला, महूच्या आपल्या खोलीबद्दल बोलला. मग मागे तुमचा फोटो आला आणि तो म्हणाला, "माझ्या बाबांनी आम्हां दोघा भावांना सारखीच संधी दिली. पण दादाचं मनच नव्हतं अभ्यासात. मी पुस्तकाच्या मागे पळालो, दादा टायरच्या मागे पळाला. आणि गंमत बघा, चार पैसे त्यानेच माझ्याआधी कमावले!" सभागृह हसलं. टाळ्या पडल्या. मग त्याने थेट कॅमेऱ्याकडे बघून हात जोडले. "दादा इंदुरात बसून हे बघतोय. दादा, जय भीम!"

ही टाळ्या वाजवायला लागली. "बघा, बघा, तुम्हाला जय भीम केला! एवढ्या लोकांत!" आणि मग हसत माझ्याकडे वळली. "शाळेतून पळायचात होय? मला इतकी वर्षं सांगत आलात, परिस्थिती नव्हती म्हणून."

बाबा, माझी बोटं आवळली गेली. त्या हँडलच्या मागच्या बाजूला बंदुकीच्या घोड्यासारखी दोन बटणं आहेत, तुम्ही लगेच ओळखली असती. त्यातलं डावं दाबलं गेलं आणि धाकटा मागे गेला. जोडलेले हात सुटले, टाळ्या गेल्या, आणि तो पुन्हा म्हणाला, दादाचं मनच नव्हतं. मी पुन्हा दाबलं. पुन्हा म्हणाला. ही म्हणाली, "बिघडलं का हो ते?" मी म्हटलं, नाही, नीट ऐकू आलं नाही. मग शेजारच्या बाई तिला विहारात न्यायला आल्या. दारातून ओरडली, "गॅस मी बंद केलाय, उठून बघू नका!" ती गेल्यावर मी उठून गॅस बघितला. बंदच होता. परत येऊन बसलो आणि त्याला पुन्हा मागे नेलं.

आधी मला त्याचाच राग आला. म्हटलं, ज्याच्या मापाचे बूट घ्यायला मी टायर ओढले, तो एवढ्या शिकलेल्या लोकांसमोर मला ढ ठरवतो. पण पुन्हा पुन्हा बघितल्यावर त्याचा चेहरा दिसायला लागला. खोटं बोलणाऱ्याचा चेहरा नव्हता तो. कौतुकाचा होता. आणि मग मला ती खाट आठवली.

महूची खोली. दुपार. माट्साब सायकल भिंतीला टेकवून आत आले आहेत आणि तुम्ही त्यांना लोखंडी खुर्ची दिली आहे. आई स्टोव्हवर चहा करते आहे. मी दाराशी उभा आहे. खाटेवर धाकटा पाय हलवत गूळपोळी खातो आहे, सहा वर्षांचा असेल. माट्साब म्हणतात, "लड़का तेज है. हिसाब में पूरी क्लास में ऐसा कोई नहीं. आठवीं तो कर लेने दो." मानपुरच्या टायरवाल्याशी तुमचं आदल्याच दिवशी बोलणं झालं होतं. आईने माझ्या दप्तरातली पुस्तकं काढून फळीवर ठेवली होती, दप्तरात कपडे भरायचे म्हणून. हे सगळं झालेलं असताना तुम्ही माट्साबांना म्हणालात, "हम कहाँ रोक रहे हैं? उसका ही मन नहीं है. उसी से पूछ लो."

आणि तुम्ही माझ्याकडे बघितलंत. डोळे वटारले नाहीत. हात उगारला नाहीत. नुसते बघत राहिलात, आत्ता या फोटोत बघता आहात तसे.

मी म्हटलं, "मन नहीं है."

"ज़रा ज़ोर से," तुम्ही म्हणालात. "माट्साब को सुनाई नहीं दिया."

आई स्टोव्हला पंप मारायला लागली. गरज नसताना मारत राहिली, स्टोव्ह भडकून आवाज करायला लागला तरी. त्या आवाजावरून मी पुन्हा बोललो, मोठ्याने. माट्साब चहा अर्धा टाकून उठले. माझ्याकडे त्यांनी ज्या नजरेने बघितलं, ती मला आजही कुणी रस्त्यात थांबवून बघावं तशी आठवते. आणि धाकटा सगळं ऐकत होता. आपल्या कानांनी. संध्याकाळी मला विचारत होता, "दादा, तू आता ट्रकवाल्यांकडे राहणार? मजा आहे तुझी." मग तो नागपुरात खोटं कुठे बोलला? मी जे ओरडून सांगितलं, तेच त्याने लोकांना सांगितलं.

मला शाळेतून काढल्याचा राग नाही, हे नीट ऐका. तुमची पेन्शन केवढीशी, दोन बहिणी लग्नाच्या, घरात खाणारी सात तोंडं, मला आकडे येत होते, मी आपल्या घरचा हिशेब तेव्हाच करून बघितला होता. तुम्ही म्हणाला असता, पोरा, मी तुला काढतोय, माझा इलाज नाही, तर मी रडलो असतो आणि गेलो असतो. एवढंच म्हणायचं होतं. फौजेत राहिलेला माणूस, गोळीला भ्यालो नाही म्हणून सांगायचात, आणि एका सायकलवरच्या मास्तरला भ्यालात. त्याच्यासमोर तुम्हाला मुलाचं शिक्षण तोडणारा बाप व्हायचं नव्हतं. म्हणून मला अभ्यास नको असलेला मुलगा केलंत. ते तेरा वर्षांच्या पोराच्या तोंडून वदवून घेतलंत, आणि तेही जोराने.

दुसऱ्या दिवशी बसने तुम्ही मला मानपुरला सोडलंत. रस्त्यावर ट्रकांची रांग, सगळीकडे जळक्या रबराचा वास. जाताना तुम्ही तुमचा फौजेतला पांढरा मग मला दिलात. "चहा यातच प्यायचा. कुणाकडे ग्लास मागायचा नाही. कुणी दिला तरी नाही." चहावाल्याकडे आपल्यासाठी कुठला ग्लास कुठे टांगलेला असतो ते मला ठाऊक होतं, म्हणून तेव्हा मला तुमचा अभिमान वाटला होता. ती गोष्ट मी माझ्या मुलाला अभिमानाने सांगितली आहे. तो मग अजून घरात आहे, दाढीचं पाणी मी त्यात घेतो. पण आज वाटतं, ज्या माणसाला माझी मान ताठ राहावी एवढं कळत होतं, त्याला आदल्या दुपारी काय झालं होतं? चहावाल्यासमोर माझी मान वर, आणि माट्साबांसमोर खाली. मानपुरच्या त्या वर्षांत ट्रकच्या चाकांचे आकडे, हवेचे आकडे, चाकाच्या नटांचे आकडे मी तोंडपाठ केले, आणि कुणी विचारलं की इतका हुशार आहेस तर शिकला का नाहीस, की मीही तेच सांगायचो. मन नव्हतं. सांगून सांगून एक वेळ अशी आली की मलाच शंका वाटायला लागली. नसेलच मन. हे तुम्ही माझं नेलंत, बाबा. शाळा नाही नेलीत, हे नेलंत.

हे मशीन मला बसून लिहू देत नाही. काही वेळ हँडलला हात लागला नाही की पडदा मंद होतो, तुमचा चेहरा अंधारायला लागतो, आधी टोपी जाते, मग डोळे. पहिल्यांदा झालं तेव्हा मी घाबरलो, वाटलं बिघडलं, मुलगा आल्यावर काय सांगू. फुली दाबायची भीती वाटते, दाबली की धाकटा पुढे बोलायला लागेल आणि तुम्ही निघून जाल. मग कळलं, अंगठ्याखालची ती छोटी गोल दांडी जराशी हलवली की पडदा पुन्हा उजळतो आणि बाकी काही होत नाही. तेव्हापासून मी लिहितो आहे आणि मधून मधून दांडी हलवतो आहे.

ठरवलं होतं की आज सांगायचं. तुमची सगळी शान ठेवून सांगायचं, पण सांगायचं. धाकट्या, तू खाटेवर होतास, तू जे ऐकलंस ते माझं बोलणं नव्हतं. एवढं एक वाक्य. त्याचा सत्कार झाला, आता त्याचं काही बिघडणार नाही. आणि आमच्यानंतर हे माहीत असणारं कुणी उरणार नाही. पोरं तो व्हिडिओ बघतील आणि म्हणतील, मोठ्या आजोबांना शाळेची आवड नव्हती. वाक्य मी दोनदा मोठ्याने म्हणून बघितलं. जमत होतं.

लिहून इथपर्यंत आलो आणि फोन आला.

"दादा, बघितलंस?"

"हौ, बघितलं की."

"लागलं नीट? तुला जमलं मशीन?"

"जमलं."

"बाबांचा फोटो किती मोठा दिसत होता, नाही? मला तर भरून आलं रे. पुढचं काय बोलायचं तेच सुचेना." मग आवाज खाली आणला. शिकलेला आहे, आवाजावरून ओळखतो. "दादा, तुझ्याबद्दल बोललो ते... काही चुकलं तर नाही ना माझं? लोक हसले तेव्हा मला जरा कसंतरी झालं. तुझं खरंच मन नव्हतं ना?"

तुम्ही समोर होतात. टोपी कलती, पट्टा आवळलेला. नुसते बघत होतात.

"नव्हतंच रे," मी म्हटलं.

"काय? दादा, आवाज तुटतोय. जरा जोरात बोल."

मी जोरात बोललो.

फोन ठेवून बराच वेळ झाला. ही विहारातून अजून आली नाही, लालबागची मंडळीही आली नाहीत. ती यायच्या आत हे कागद घडी करून मी ठेवून देणार आहे, धाकट्याच्या हाती ते लागणार नाहीत. फक्त एक गोष्ट राहिली, आणि ती तुम्हालाच सांगता येईल. फोन वाजला तेव्हा पडदा मंद झाला होता. तुम्ही जवळजवळ दिसेनासे झाला होतात. फोन कानाला लावायच्या आधी दांडी मीच हलवली.