विटांचा डॉक्टर आणि आपली भिंत

बाल्टिमोर, ११ मार्च

प्रिय झिग्मुंटदादा,

नऊ वर्षांनी नमस्कार. तुझे गुडघे कसे आहेत? फ्लोरिडाच्या उन्हाने बरे झाले असतील तर आनंद आहे; नसतील तर इथलाच बर्फ काय वाईट होता, असं मनात येतं. वहिनीची संत्री पोचली. (अर्धी नासलेली होती, पण तिला सांगू नकोस.)

बाबांनी दर्शनी भिंतीवर चढवलेला तो नकली दगड मी गेल्या उन्हाळ्यात काढला. गल्लीत सगळ्यांनी काढला, मग मी का मागे राहू? आतून आजोबांच्या वेळच्या लाल विटा निघाल्या, पण मधल्या दरजांतला चुना भुसा होऊन गळत होता. तो नव्याने भरायला ब्रॅडन नावाचा माणूस बोलावला. (त्याला गवंडी म्हटलेलं चालत नाही, तो जीर्णोद्धारक आहे.) बूट असे चकचकीत की आयुष्यात कधी गारा तुडवला नसावा. आल्या आल्या त्याने प्रत्येक विटेवर बोटाने टकटक केलं, कान लावला, डोळे मिटले आणि म्हणाला, "बाई, ही भिंत श्वास घेते." मी म्हटलं, "मी पण घेते, पण त्याचे कोणी पैसे मागत नाही." महाशय दोन तास जेवणार, उरलेला वेळ चुन्याची महती गाणार. ऑक्टोबरात काम आटोपून गेला, आणि हिवाळ्यात भिंतीचे प्रताप सुरू झाले.

थंडी पडली तशी विटांची तोंडं पापुद्र्यासारखी सुटून पायऱ्यांवर पडायला लागली. ज्या संगमरवरी पायऱ्या मी दर शनिवारी गुडघ्यावर बसून घासते, त्यांच्यावर रोज सुपलीभर लाल चुरा! शेजारचे टॅलिव्हर म्हणाले, "लिओकाडियाबाई, तुमचं घर कात टाकतंय." या माणसाची भिंत आपल्या भिंतीला चिकटून आहे आणि याला विनोद सुचतो. दरजा मात्र दगडासारख्या शाबूत. त्या ब्रॅडनने काय भरलं असेल ते देव जाणे. असल्या माणसाच्या हाती मी कोंबड्यांचं खुराडंही देणार नाही.

मागच्या आठवड्यात महापालिकेची पुरी नावाची एक पोरगेली बाई आली. ओळंबा सोडून म्हणाली, "मधोमध पोट सुटलंय." पंधरा मेपर्यंत भिंत नीट झाली नाही तर मला बाहेर काढून घराला टेकू लावणार. मी याच घरात जन्मले, दादा. बासष्टाव्या वर्षी कुणाच्या परसातल्या खोलीत राहायला मला जमणार नाही.

बाकी सर्व क्षेम.

तुझी बहीण,
लिओकाडिया

ता. क. ब्रॅडनने चुनाच भरला होता. तो चमच्याने खरवडला जातो हे पाहून मीच त्याला फसव्या म्हणून हाकलला आणि सगळ्या दरजा सिमेंटने भरल्या. सणाच्या तळलेल्या पॉन्चकी डोनटांत जाम भरायची आपली पिशवी आहे ना, तिनेच. रेघ कशी एकसारखी आली होती म्हणून सांगू! आता ती पुरीबाई सांगते की सिमेंटमुळे ओल आत कोंडली आणि गोठून विटा फुटल्या.

ता. क. २ बाबांच्या अंत्यविधीच्या जेवणाला तू पंधरा माणसांसमोर हेच सांगत होतास, की या भिंतीला चुन्याशिवाय काही लावू नका. आणि मी तुला दाराबाहेर काढलं. माझं चुकलं. आपल्या विटांवर हात चालेल असा दुसरा गवंडी मला माहीत नाही. ये. मागची खोली झाडून ठेवली आहे.

ता. क. ३ तुझं बरोबर होतं. हे मी पुन्हा लिहिणार नाही, तेव्हा पत्र जपून ठेव. पण येताना आणू नकोस, तू ते टॅलिव्हरना वाचून दाखवशील.