आयचा धवला, माझा अल्बम

१४ फेब्रुवारी, शुक्रवार
ठरलं. अल्बम करायचा. आजपासून लिहून ठेवणार. पुढे मुलाखतीत सुरुवातीच्या दिवसांबद्दल विचारतात, तेव्हा आठवत नाही म्हणून पंचाईत नको.

दर शुक्रवारी नवीन अल्बम येतात. आज हिंदीत दोन, पंजाबी एक, कोरियन पोरांचा एक, रॅपवाला एक. सगळे ऐकले. एकातही दम नाही. ओरिजिनल आवाजच नाही कोणाकडे. आणि तो आवाज इथे कळंबला आमच्या ओटीवर बसून लसूण सोलतोय!

म्हणजे आय. अंबूबाई धवलारीण. आमच्या आगरी लग्नात पाट मांडायचा, हळकुंडं कांडायची, नवरीला न्हाऊ घालायचं, प्रत्येक कामाला धवला, म्हणजे त्या त्या कामाचं गाणं लागतं. आय गायल्याशिवाय बाया हात हलवत नाहीत. आता शेजारच्या मोरूकाकांच्या अपेक्षाची हळद आहे, ४ मे. अपेक्षाच्या आईच्या लग्नात आयच गायली होती. ती बिचारी आता नाही. म्हणून पोरीचा एकच हट्ट, की हळदीला अंबूआजीच गायला पाहिजे.

त्याच मांडवात अल्बम रिलीज करणार. एवढं पब्लिक फुकटात कुठे मिळतं?

१७ फेब्रुवारी
हर्षलाला सांगितलं. बायको म्हणून पहिला हक्क तिचा. म्हणाली, आधी मोरीचा नळ बसव. दिवसभर साजगावच्या कंपनीत पॅकिंग करते, त्यामुळे विचार खोक्याच्या बाहेर जात नाही. रागावलो नाही. मोठ्या लोकांच्या बायका सुरुवातीला अशाच असतात.

नळ उद्या.

२१ फेब्रुवारी, शुक्रवार
धक्का! आज एक नवा अल्बम आलाय, त्यात लोकगीताखाली ढिंगच्याक बीट. माझीच आयडिया. गेल्या रविवारी मी कामाला आहे त्या रिसॉर्टच्या पूलजवळ गाणी लावताना मी मोठ्याने बोललो होतो, मुंबईच्या कोणीतरी ऐकलं असणार. यापुढे नोकरीच्या जागी तोंड बंद.

उपाय सापडला. प्रत्येक गाणं वेगळ्या प्रकारात. एक हळदीचं डीजे, एक रॅप, एक लो-फाय, एक सूफी, एक दर्दभरं, एक कोरियन टाइप. कोणता कोणता प्रकार चोरणार?

२ मार्च, दुपार
पहिलं रेकॉर्डिंग. मधली खोली हाच स्टुडिओ. खिडक्या बंद, भिंतीला गोधड्या, पंखा बंद (आवाज येतो). आय पाय पसरून बसली. पहिल्यांदा नुसतंच टेस्ट घेतलं. आवाज उत्तम, पण गाण्याची पद्धत चुकीची. फार खालच्या पट्टीत गाते. मधेच थांबते. का थांबतेस विचारलं तर म्हणे, बायांचं हातातलं काम व्हाया नको का रं? मी समजावलं की स्टुडिओत बाया नसतात, बीट असतो. बीट थांबत नाही.

आय म्हणाली, मंग त्यालाच गाया सांग.

विनोदी स्वभाव आहे तिचा. इंटरव्ह्यूला उपयोग होईल.

७ मार्च, शुक्रवार
आज पाच नवे अल्बम. सगळ्यांत बायकांचा आवाज उंच. कर्जतला साईनाथकडे गेलो. पुढे मोबाइल रिपेअरिंग, मागे मिक्सिंग. तोही म्हणाला, डीजेला काकींची पट्टी चालणार नाही, वर पाहिजे. म्हणजे सायन्स माझ्या बाजूने आहे.

आयला सांगितलं, वर गा. म्हणाली, एवढ्या वर तर मी लगीन झालं तवा पन नवती गेली. म्हटलं, प्रयत्न कर. माणसाने शिकत राहावं.

१६ मार्च
दुपारभर आठ टेक. गरम होतं, मान्य. मीही घामाने निथळत होतो, पण मी कुठे तक्रार केली? आय सारखं पाणी मागते. इंटरनेटवर स्पष्ट लिहिलंय, गाताना थंड पाणी वाईट. माठाचं थंडच असतं. शिवाय भांडं ठेवल्याचा आवाज माइकमध्ये येतो. टेक झाल्यावर देतो म्हटलं. दिलं पण.

हर्षला संध्याकाळी आली आणि खिडक्या उघडल्या. गोधड्या काढल्या.  

२३ मार्च
आय खोकते. नेमकी बीटच्या बाहेर खोकते. तीन टेक वाया.

२८ मार्च, शुक्रवार
नवे अल्बम ऐकायला वेळ नाही मिळाला, फक्त चार ऐकले.

साईनाथकडे व्हॉइस क्लीनिंग. काकी मधे मधे दम घेतात, ते ऐकू येतं, म्हणाला. सगळे दम कापले. दुपारभर बसून एक-एक श्वास शोधून काढून टाकला. वर ऑटोट्यून. आता आवाज कसा, एकदम गुळगुळीत. साईनाथ म्हणाला, कोण आहे कळतच नाही. यापेक्षा मोठी दाद काय?

५ एप्रिल
रिसॉर्टवर गुपचूप लो-फाय ट्रॅक लावला. पब्लिक टेस्टिंग. पूलमधून एक पाहुणा ओरडला, भाऊ, ब्लूटूथ अडकतंय. म्हणजे लक्ष देऊन ऐकत होता.

११ एप्रिल, शुक्रवार
आज मोठा शुक्रवार. सात नवे अल्बम, त्यातले तीन हाय क्वालिटीत डाउनलोड करायचे होते, रेफरन्स म्हणून. लॅपटॉप फुल. आयचे सगळे कच्चे टेक डिलीट केले. फायनल तयार आहे, कच्चं कशाला? भात कांडून झाल्यावर तूस कोण जपतं? मोकळं वाटलं.

कव्हरही झालं. माथेरानच्या पॉइंटवरचा फोटो, मी गॉगल लावून, मागे बाकावर आय. चौकोनात बसेना म्हणून जरा कापलं. आयचं गुडघ्यावरचं लुगडं दिसतं अजून.

१५ एप्रिल
आयचा आवाज बसला. म्हणजे बसलाच. सकाळी तिने चहा मागितला तर तोंडातून नुसती हवा आली. हळद, गरम पाणी, ज्येष्ठमध चालू केलं. तीन दिवसांत येईल. गेल्या आठवड्यातला शेवटचा कोरियन टाइप ट्रॅक जरा उंच होता, पण तिने स्वतः गायला. मी फक्त परत परत म्हटलं.

१९ एप्रिल
नाही आला.

अपेक्षा रोज संध्याकाळी येऊन बसते. आजी, बरं वाटतंय का विचारते. आय मान हलवते. पोरगी माझ्याकडे बघते, मी लॅपटॉपमध्ये बघतो. खूप काम आहे.

२२ एप्रिल
हर्षलाने रजा टाकून आयला कर्जतच्या घशाच्या डॉक्टरकडे नेलं. मला सांगितलंसुद्धा नाही, मी घरात असून. आल्यावर ताट वाढता वाढता म्हणाली, आवाजाच्या पडद्यावर ताण येऊन गाठ आलीय. बोलायचं नाही. गाणं तर नाहीच. या वयात पूर्वीसारखं होईल असं डॉक्टर सांगू शकत नाही.

डॉक्टर जरा निगेटिव्ह माणूस दिसतो. परदेशी गायक दौऱ्याआधी महिनामहिना मौन पाळतात, त्याला व्होकल रेस्ट म्हणतात. म्हणजे आय आता त्या लेव्हलला पोचली. हर्षलाला हे सांगितलं. तिने भाताचा डाव पातेल्यात टाकला आणि बाहेर जाऊन बसली.

मला जेवण गेलं नाही. उकाडा फार आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार
मोरूकाका आले. अपेक्षा जेवत नाही म्हणाले. दुसरी धवलारीण बघितली, पण खालापूरकडची एक म्हातारी आजारी आणि दुसरीला त्याच दिवशी दुसरी हळद. काका माझ्यासमोर आयला म्हणाले, अंबू, तुझ्या लेकाने काय केलं गं हे? मी तिथेच होतो. माझ्यासमोर.

पण तेव्हाच सुचलं! अल्बम आहे की. आयचा आवाज तर माझ्याकडे पॅक आहे. ४ तारखेला धवला स्पीकरवर लावायचा. लाइव्हमध्ये चुका होतात, यात होणार नाहीत. काकांना म्हटलं, काळजी सोडा. काका बरं म्हणाले. दुसरा इलाजच नव्हता म्हणतात ते, पण माझ्यावर विश्वास हेच खरं कारण.

३ मे
सगळं सेट. दोन मोठे स्पीकर. रात्री झोप लागली नाही, म्हणजे एक्साइटमेंट. हर्षलाला म्हटलं, उद्या बघच. ती म्हणाली, आयला बघ आधी. बघितलं. आय भिंतीकडे तोंड करून ओठ हलवत होती. सगळे धवले एकदा मनातल्या मनात म्हणून बघत असावी.

४ मे, रविवार
लिहायचं नव्हतं. पण नियम म्हणजे नियम.

आयला मांडवात तिच्या नेहमीच्या जागी बसवलं. अपेक्षा पाटावर. बायांनी मुसळ धरलं. मी प्ले केलं. पहिल्या ओळीला सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या. बीट पळतोय, मुसळ मागे. एकीच्या बोटावर बसलं. हळकुंडं अर्धी कांडून झाली नाहीत तोवर कांडायचा धवला संपला आणि न्हाऊ घालायचा सुरू झाला. बाया तांब्या शोधायला धावल्या. तोवर ट्रॅक तीन, रॅप. 'धनेश इन द हाउस', माझाच आवाज, दोन मोठ्या स्पीकरवर. बाहेरची पोरं नाचत मांडवात घुसली. पाटावर अपेक्षा रडत होती. मला स्टॉपचं बटण सापडेना. रोज दाबतो ते बटण.

मोरूकाकांनी वायर उपटली.

एकदम शांत झालं. मग आयने मांडीवर हात मारायला सुरुवात केली. हळूहळू. ओठ हलत होते, आवाज नाही. हर्षला तिच्यासमोर जाऊन बसली, तिच्या ओठांकडे बघत गायला लागली. चाल चुकली, शब्द चुकले. आय मान हलवायची, हर्षला परत धरायची. एक-दोन बाया मागून आल्या. जिथे आय थांबली तिथे सगळ्या थांबल्या, मुसळ पडलं, मग पुढे. असं करत हळद झाली.

मार्केट अजून तयार नाही.

घरी आल्यावर आयने मला जवळ बोलावलं. कान तिच्या तोंडाशी नेला. विचारत होती, ती पेटीतली बाई कोन हाय रं? बरी गाते. पन दम कवा घेते ती?

मी म्हटलं, आहे एक पुण्याची.

९ मे, शुक्रवार
अल्बम ऑनलाइन आला. नळ बसवला.

१६ मे
हर्षलाने विचारलं, आयचं साधं गाणं असेल ना तुझ्याकडे, बीटच्या आधीचं? ती शिकणार म्हणते. कंपनीच्या बसमध्ये कानाला लावून ऐकेन, पुढच्या लग्नाला कोणीतरी पाहिजे ना. एवढं सरळ तिने माझ्याकडे पहिल्यांदा काही मागितलं अल्बमच्या बाबतीत.

आहे म्हणालो. भरपूर आहे.

लॅपटॉप, मोबाइल, पेनड्राइव्ह, साईनाथचा कॉम्प्युटर. सगळीकडे शोधलं. ते तीन हाय क्वालिटी अल्बम तेवढे मिळाले.

२३ मे, शुक्रवार
एक फाइल सापडली. मोबाइलमध्ये, 'टेस्ट' नावाची, २ मार्चची. हर्षलाला दिली. तिने आयच्या शेजारी बसून लावली.

आधी आय विचारते, चालू हाय का रं? पानी दे जरा. मग मी म्हणतो, नंतर, आधी गा. मग आय गाते. तिच्या पट्टीत, मधे दम घेत. दोन ओळी. तिसरी सुरू होते आणि मी म्हणतो, थांब आये, असं नाय.

संपलं. तेवढंच आहे.

हर्षलाने परत लावलं. परत. दर वेळी तिसऱ्या ओळीला मी येतो. आय डोळे मिटून ऐकत होती आणि दर वेळी तिथे आली की डोळे उघडायची. हर्षला म्हणाली, हा तुझा आवाज तेवढा काप की, पुढची अर्धी ओळ तरी मिळेल.

दुपारभर बसलो. श्वास कापले होते मी, एक-एक. हे जमेना. माझा आवाज तिच्या आवाजावर चढलाय, कापला की दोन्ही जातात. मला फार वाईट वाटलं. कापता येत नाही, असं हर्षलाला सांगितलं.

ती बरं म्हणाली आणि दोन ओळी शिकायला बसली. आज शुक्रवार होता. नवीन काय आलं ते बघितलं नाही.