न्हाणीच्या दाराचा सुपा दौरा

सुपा, ७ जुलै २०२५

तीर्थरूप बाबांस,
सचिनचा सविनय जयभीम. वि. वि.

तुम्ही फोन उचलत नाही, म्हणून पत्र. परदेशी बिजागऱ्यांवर सरकारने बंदी घातली. आता आपल्या बिजागऱ्यांच्या वर्कशॉपला बरकत येणार म्हणून प्रज्ञाने पेढे वाटले. पण परवाना देणारे साहेब म्हणतात, तुमची बिजागरी परदेशीच्या तोडीची आहे हे दोन्ही शेजारी ठेवून दाखवा. परदेशी आणायला गेलो, तर तिच्यावर बंदी! आपल्या न्हाणीच्या दाराला मीच तसल्या बसवल्या होत्या. दार टेम्पोत घालून पाठवा. सुटी बिजागरी साहेबांना चालत नाही. नवं मशीन झाकून ठेवलंय, कामगार बसून आहेत. आईची समजूत घाला.

दारासह लोभ पाठवावा.
सचिन

कोल्हार, १२ जुलै

चि. सचिन,
अनेक आशीर्वाद.

दार धाडलंय. तुझी आई लई भडकली हाय. ती आंघोळीला गेली की मी चादर धरून पाठमोरा उभा राहतो. शेजारचे आसाराम नेमके तवाच पेपर मागायला येत्यात. न्हाणीचं दार बघून सरकारला काय कळनार, असं ती विचारती.

एक सांग, ह्यो नियम टिकनार हाय ना? मागं तू बटनांचा धंदा काढलास, नियम फिरला, नि बटनं आजून आमच्या माळ्यावर हायती. काळजी वाटती. सुनबाईला जप.

तुझा बाप, हात भरून आलेला,
उत्तमराव

सुपा, ३० जुलै

तीर्थरूप बाबांस,
सविनय जयभीम.

आपली बिजागरी बसवलेलं दार न्हाणीच्या दाराशेजारी उभं केलं. साहेब दोन्ही दारांना लोंबकळले. आपली बिजागरी करकरली नाही. पास! पण परवाना मिळाला त्याच दिवशी परदेशी माल पुन्हा खुला झाला. आता काय, असं साहेबांना विचारलं. ते म्हणाले, माझ्याकडे फक्त बिजागऱ्या, धोरण दुसऱ्या टेबलावर.

माल घ्यायचं कबूल केलेल्या नगरच्या अमृतशेटनी लगेच नकार कळवला. मी मशीन झाकूनच ठेवलं. प्रज्ञा मात्र तडक त्यांच्या दुकानात गेली. परदेशी बिजागरी वाकडी निघाली तर भांडायला कुठे जाणार, असं तिने विचारलं. आमचं सुपा जवळ आहे, केव्हाही या म्हणाली. शेटना भांडल्याशिवाय अन्न पचत नाही, हे सगळ्या बाजाराला ठाऊक. ते विचारात पडले.

परवा आले. स्क्रूच्या भोकावरून तासभर भांडले, चहा प्यायले नि म्हणाले, नियम फिरू देत, तुम्ही मशीन फिरवा. कालही आले. आत्ता फाटकाशी त्यांचाच आवाज येतोय, आणि प्रज्ञा बाह्या सारून निघालीय. तिच्या मदतीला जातो.

आईच्या रागासकट आशीर्वाद असू द्यावा.
सचिन